सैनिकी शाळेचा फुटबॉल हंगाम: सोलापुरात जूनपासून फेब्रुवारीपर्यंत संघ कसा सांभाळावा

सैनिकी शाळेतली मुलं पहाटे उठून धावतात, परेड करतात, म्हणून त्यांचा फुटबॉल संघ दमाला कमी पडणार नाही असं सगळे धरून चालतात. दम असतोच. पण ऑगस्टअखेर संघातले दोन-चार जण नडगी धरून बसतात आणि जिल्ह्याचा सामना उरलेल्यांवर निभावावा लागतो. फुटबॉलचा सराव रिकाम्या पायांवर होत नसतो. पीटी, ड्रिल आणि शिक्षा म्हणून मारलेल्या फेऱ्या यांनी ते पाय आधीच वापरलेले असतात. हंगाम आखताना हा सगळा भार एकाच वहीत मांडला, तर पुढची निम्मी दुखणी टळतात. म्हणून या लेखात डावपेचांपेक्षा त्या वहीला जास्त जागा दिली आहे.

आधी तारखा, मग सराव

शाळा जूनमध्ये उघडते आणि शालेय स्पर्धांचं चक्र पावसाळ्यातच सुरू होतं. सुब्रतो कप (शाळांच्या संघांची राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धा) आणि क्रीडा व युवक सेवा संचालनालयाच्या शालेय स्पर्धा या दोन्ही वाटांवर जिल्हा, विभाग, राज्य अशा फेऱ्या असतात. वेळापत्रक दरवर्षी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालय जाहीर करतं. ते हाती येण्याची वाट बघत बसू नका. जूनच्या पहिल्या आठवड्यात शाळेच्या बाजूने ठाऊक असलेल्या तारखा एका मोठ्या कागदावर लिहून काढा:

- १५ ऑगस्टची परेड आणि तिच्या रंगीत तालमी
- एनसीसीचं दहा दिवसांचं वार्षिक शिबिर
- एनडीएची सप्टेंबरमधली लेखी परीक्षा (१९ वर्षांखालचा संघ असेल तर बारावीची मुलं त्यात अडकतात)
- घटक चाचणी, सहामाही आणि दिवाळीची सुट्टी
- आषाढी वारी

शेवटची तारीख बाहेरगावच्या क्रीडाशिक्षकाला सुचणार नाही, सोलापुरात मात्र ती पहिल्या रांगेत हवी. आषाढीच्या आगेमागे एसटीच्या गाड्या पंढरपूरकडे वळवलेल्या असतात आणि पंढरपूरकडे जाणाऱ्या रस्त्यांवर वाहतूक बदललेली असते. त्या आठवड्यात मंगळवेढा, सांगोला, माळशिरसकडे मित्रत्वाचा सामना ठरवलात, तर गाडी मिळाली तरी वेळेवर पोचण्याची खात्री नसते. ते दिवस घरच्या मैदानावर हाऊसचे (शाळेतल्या मुलांच्या गटांचे) सामने खेळवायला वापरा.

दुसरी गोष्ट पावसाची. सोलापुरात सर्वांत जास्त पाऊस सप्टेंबरमध्ये पडतो आणि शालेय फेऱ्या बऱ्याचदा त्याच सुमारास येतात. म्हणजे जुलैत टणक, धुळकट मैदानावर तयार केलेला संघ प्रत्यक्ष सामना चिखलात खेळतो. ऑगस्टमध्ये पाऊस झालेल्या दिवशी निदान दोन-तीन वेळा मुद्दाम ओल्या जमिनीवर सराव घ्या, म्हणजे बॉल कुठे अडतो आणि कुठे घसरतो हे मुलांना आधीच कळेल. त्यासाठी मुख्य मैदान वापरू नका. ते का, हे खाली येतं.

भाराची वही

साधा हिशोब आहे. प्रत्येक कामाची मिनिटं घ्यायची आणि ते किती जड गेलं याला मुलाने ० ते १० मध्ये दिलेल्या गुणांनी गुणायचं. नेहमीचा दिवस असा दिसतो: पीटी ४० मिनिटं × ४ = १६०, ड्रिल ४५ × ४ = १८०, संध्याकाळचा फुटबॉल ७५ × ६ = ४५०. बेरीज ७९०.

आता ऑगस्टचा दुसरा आठवडा घ्या. परेडच्या तालमीमुळे ड्रिल दोन तासांवर जातं आणि गुण ५ होतात, म्हणजे ६००. पीटी आणि फुटबॉल तसेच ठेवले तर दिवसाची बेरीज १२१० होते, नेहमीच्या दीडपट. त्यातही हा वाढलेला भार कडक बुटांत, सिमेंटच्या चौकात, टाच आपटत घेतलेला असतो. नडगीच्या हाडाला याहून वाईट काही नाही.

त्या आठवड्यात पीटी २० मिनिटांच्या हलक्या ताणांवर आणा (२० × २ = ४०) आणि फुटबॉल ४५ मिनिटांचा, चेंडूवरचा ताबा पक्का करणारा, न धावण्याचा ठेवा (४५ × ४ = १८०). बेरीज ८२०. परेडला धक्का न लावता गाडी रुळावर राहते. हे उस्तादांशी (ड्रिल घेणाऱ्या प्रशिक्षकांशी) तोंडी बोलून होत नाही, कारण उस्ताद बदलतात आणि तोंडी सूट दुसऱ्या दिवशी विसरली जाते. कमांडंटच्या सहीचं एक पानी पत्र घ्या. त्यात तीनच मुद्दे ठेवा: शेवटच्या दोन तालमी सोडून खेळाडूंना ड्रिलला पीटी शूज चालतील, सामन्याच्या आदल्या दिवशी लांब धाव नाही, आणि संघातल्या मुलाला धावण्याची किंवा उड्यांची शिक्षा द्यायची नाही. तिसऱ्या मुद्द्यावर खळखळ होते. संघातल्या मुलाला सूट नको, शिक्षा हवीच, फक्त ती पायांची नसावी, असं मांडलं की मान्य होतं. स्टोअरची साफसफाई, मैदान वेचणं, बॉल पुसणं ही कामं आहेतच.

आठवड्याची बेरीज मागच्या आठवड्यापेक्षा साधारण दहा टक्क्यांहून जास्त वाढू देऊ नका. उन्हाळ्याच्या किंवा दिवाळीच्या सुट्टीवरून मुलं परतली की पहिला आठवडा नेहमीच्या निम्म्यावर ठेवा. कोकणातून किंवा घाटाकडून आलेल्या मुलांना सोलापूरच्या उन्हाची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात, ते वेगळेच.

वहीत एक खोट नेहमी शिरते. फॉलइनमध्ये, म्हणजे रांगेत उभं असताना, सगळ्यांसमोर विचारलं, तर प्रत्येक मुलगा "ठीक आहे, सर" म्हणतो. दुखणं सांगणं म्हणजे कच खाणं अशी समजूत त्यांच्यात लवकर मुरते. म्हणून आकडा रात्रीच्या अभ्यासाच्या वेळी, चिठ्ठीवर, एकेकट्याकडून घ्या. आणि आठवड्यातून एकदा उडीची चाचणी करा: एका पायावर जागच्या जागी दहा उड्या. नडगीत कळ आली की त्या दिवशी मैदानाबाहेर. मग बोटाने नडगी चाचपून पाहा. दुखणं हाडाच्या कडेने लांबवर पसरलेलं असेल, तर आराम आणि बर्फ यांनी बहुधा निवळतं. एकाच बोटाएवढ्या जागी तीव्र दुखत असेल, तर हाडाला बारीक चीर असू शकते, हाडाच्या डॉक्टरांकडेच न्या. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रेमध्ये अशी चीर बऱ्याचदा दिसत नाही, त्यामुळे एक्स-रे स्वच्छ आला म्हणून मुलाला लगेच खेळवू नका.

मैदान: काळी माती, मुरूम आणि काटे

सोलापूर भागात मैदान दोन प्रकारचं मिळतं. काळ्या मातीचं असेल तर उन्हाळ्यात भेगाळतं आणि पावसात बुटाला चिकटतं. मुरमाचं असेल तर पाणी निचरतं, पण पडलेल्या मुलाचं कोपर-गुडघा सोलून काढतं. काळ्या मातीच्या भेगा जूनच्या पहिल्या पावसाआधी बारीक माती आणि वाळू यांच्या मिश्रणाने भरून, पाणी शिंपडून, रोलर फिरवून बंद करा. भेगेत अडकून मुरगळलेला घोटा पूर्ण हंगाम घेऊन जातो.

ओल्या काळ्या मातीवर खेळायचं की नाही, हे टाचेने ठरवा. टाच जोराने दाबली आणि खूण इंचभर खोल गेली, तर त्या दिवशी मुख्य मैदान बंद. तसं खेळलात तर खड्डे तसेच वाळून कडक होतात आणि महिनाभर प्रत्येक पास उडतो. ओला सराव कडेच्या पट्ट्यात घ्या.

सरावाआधी रोज पाच मिनिटं सगळी मुलं हातभर अंतराने एका ओळीत उभी करून या गोलपासून त्या गोलपर्यंत चालवा. खडे, काचा आणि वेड्या बाभळीचे काटे वेचले जातात. काटा बॉलमध्ये घुसतो आणि कॅनव्हासच्या बुटातूनही आरपार जातो. शिस्तीच्या शाळेत हे काम सहज होतं. त्याचा फायदा घ्या.

आखणीसाठी ५० मीटरची टेप, सुतळी, आठ खुंट्या आणि फक्की (रेषा मारायची पांढरी पूड) लागते. नियमाप्रमाणे लांबी ९० ते १२० मीटर आणि रुंदी ४५ ते ९० मीटर चालते. शाळेला १०० × ६४ सोयीचं पडतं. पहिला कोपरा काटकोनात आणायला एका बाजूवर ६ मीटर, दुसऱ्या बाजूवर ८ मीटर मोजा, त्या दोन टोकांमधलं अंतर बरोबर १० मीटर यायला हवं. चारही कोपरे ठोकले की कर्ण मोजा. १०० × ६४ ला दोन्ही कर्ण ११८.७३ मीटर भरले पाहिजेत. दोन कर्णांत फरक आला की मैदान तिरकं झालं, आणि मग पेनल्टी बॉक्सही तिरका पडतो. पुढची मापं अशी: गोल ७.३२ × २.४४ मीटर, खांबाच्या आतल्या कडेपासून १६.५ मीटर मोजून पेनल्टी बॉक्स (एकूण रुंदी ४०.३२), ५.५ मीटरचा गोल एरिया (रुंदी १८.३२), पेनल्टीचा ठिपका ११ मीटरवर, मधल्या वर्तुळाची आणि डीच्या कमानीची त्रिज्या ९.१५. कमान ठिपक्यापासून मोजायची, बॉक्सच्या रेषेपासून नाही. ही चूक सर्रास दिसते. रेषा १२ सेंटीमीटरहून जाड नको.

फक्कीसाठी कळीचा चुना किंवा विझवलेला चुनाही वापरू नका. पडलेल्या मुलाच्या डोळ्यांना आणि सोललेल्या कातडीला तो भाजतो. खडूची किंवा चुनखडीची पूड घ्या.

पाण्याची टंचाई धरूनच चाला. पूर्ण मैदानावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे ६,४०० लिटर. टँकर आणून सगळीकडे शिंपडणं परवडत नाही आणि उपयोगही होत नाही. दोन्ही पेनल्टी बॉक्स मिळून साधारण १,३३० चौरस मीटर होतात. तिथे तीन मिलिमीटर, म्हणजे ४,००० लिटर, आदल्या संध्याकाळी द्या. गोलकीपर जिथे पडतो तिथली माती मऊ राहिली की पुरे.

गोलपोस्ट जमिनीत गाडलेले नसतील तर मागच्या पट्टीवर वाळूची पोती टाकून बांधा. कॅडेटला आडवा बार दिसला की तो बीम मारायला (हातांवर अंग वर ओढायला) लटकतो. मोकळा लोखंडी गोल पुढे उलटला तर खालच्या मुलाच्या जिवावर बेततं. या बाबतीत एकही दिवस ढिलाई नको.

बॉल आणि बूट

५ नंबरचा बॉल, घेर ६८ ते ७० सेंटीमीटर, वजन ४१० ते ४५० ग्रॅम. हवेचा दाब नियमाने ८.५ ते १५.६ पीएसआय चालतो. टणक मैदानावर ९च्या आसपास ठेवा, नाहीतर बॉल डोक्यावरून जातो. सावलीत भरलेला बॉल उन्हात तापला की दाब सुमारे दीड पीएसआयने चढतो, म्हणून दाब सरावाच्या वेळीच तपासा आणि बॉलची जाळी झाडाखाली ठेवा. सुई नेहमी ओली करून घाला. कोरड्या सुईने व्हॉल्व्ह फाटतो आणि बॉल हळूहळू बसतो. बावीस मुलांना निदान बारा बॉल हवेत.

मुरमावर आखूड, रबरी, भरपूर स्टड (तळाचे उंचवटे) असलेले बूट चांगले. लांब स्टड टणक जमिनीत रुतत नाहीत आणि सगळा भार तळपायाच्या चार ठिपक्यांवर येतो. चिखलात मात्र आखूड स्टडमध्ये काळी माती थापली जाते, म्हणून हाफटाइमला बूट खरवडायला पत्र्याची पट्टी जवळ ठेवा. शिनगार्ड (नडगीवरच्या संरक्षक पट्ट्या) सक्तीचे आहेत. ते आयत्या वेळी शोधावे लागू नयेत म्हणून दोन जोड्या जादा घ्या.

हुकमाची सवय आणि फुटबॉल

सैनिकी शाळेचा संघ ओळखू येतो तो एका खुणेवरून: बाहेरून कोणी ओरडलं की बॉल पायाशी असलेला मुलगा मान वळवून बाकाकडे बघतो. ड्रिलमध्ये ही सवय हवीच, मैदानात मात्र तेवढ्या क्षणात बॉल जातो. यावर उपाय छोट्या सामन्यांचा आहे. ३० × २० मीटरची चौकट, चार विरुद्ध चार, चार मिनिटांचा डाव, दोन मिनिटं विश्रांती, असे सहा डाव. या वेळात प्रशिक्षकाने शिट्टी खिशात ठेवायची आणि एक शब्द बोलायचा नाही. फाउल मुलांनीच ठरवायचा. पहिला आठवडा गोंधळाचा जातो. नेटाने धरून ठेवा, तिसऱ्या आठवड्यात मुलं बॉल येण्याआधी मान वर करून बघायला लागतात.

त्याहून अवघड गाठ ज्येष्ठ-कनिष्ठाची असते. नववीतला गोलकीपर अकरावीतल्या स्टॉपरला (मधल्या बचावपटूला) "सर" म्हणतो आणि त्याच्यावर ओरडायला धजत नाही. मागून येणारा फॉरवर्ड त्याला दिसतो, पण तो गप्प राहतो. गोल तिथेच होतो. कमांडंटनी सगळ्यांसमोर जाहीर करावं की रेषेच्या आत सगळे एकमेकांना नावाने हाक मारतील, रेषेबाहेर पुन्हा "सर". हाकाही तीनच ठरवा: "माणूस!" म्हणजे मागून कोणी येतोय, "टाइम!" म्हणजे वळायला वेळ आहे, "माझा!" म्हणजे बॉल मी घेतो. हाक न देता घेतलेला बॉल सरावात समोरच्या संघाला द्यायचा. दोन आठवड्यांत गोलकीपरचा आवाज मोकळा होतो.

निवड हाऊसच्या सामन्यांतून करा आणि बावीस-चोवीस जणांचा गट ठेवा. त्यात गोलकीपर दोन. त्यांना मुरमावर रोज पाडू नका. लांब उडीच्या वाळूच्या खड्ड्यात किंवा जुन्या गाद्यांवर पडायला शिकवा.

ऊन, पाणी, मेस

सरावाआधी आणि नंतर मुलांचं वजन करा. एक किलो घटलं म्हणजे साधारण एक लिटर घाम गेला. ५० किलोच्या मुलाचं वजन एक किलोहून जास्त घटलं, तर तो पाणी कमी पितोय. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, हे माप मेसच्या भिंतीवर लिहून ठेवा. मीठ अंदाजाने टाकलं की जास्त पडतं आणि मुलांना मळमळतं.

धावताना एखादा मुलगा असंबद्ध बोलायला लागला, भेलकांडला किंवा त्याचं अंग भट्टीसारखं तापलं, तर तो उष्माघात समजा. सावलीत घ्या, कपडे सैल करा, गार पाण्याच्या हौदात मानेपर्यंत बसवा किंवा अंगावर सतत पाणी ओता, आणि त्याच वेळी दुसऱ्याने १०८ला फोन करावा. आधी गार करायचं, मग हलवायचं. शुद्ध हरपलेल्या मुलाच्या तोंडात पाणी घालू नका.

सामन्याच्या दिवशी सुरुवातीच्या तीन तास आधी जेवण: भात-वरण, पोळी किंवा पोहे, आणि केळं. ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी हे उत्तम खाणं आहे, पण चोथा आणि तेल पचायला वेळ घेतात. ते सरावाच्या दिवसांना आणि सामना संपल्यावरच्या रात्रीला ठेवा. सामन्यानंतर अर्ध्या तासात चिक्की, केळी किंवा दूध द्या. मेसचालकाला हे आदल्या आठवड्यात लेखी कळवावं लागतं, सकाळी सांगून होत नाही.

कागद आणि प्रवास

संघ मैदानात हरण्याआधी टेबलावर हरू शकतो. जन्मदाखला, शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, बोनाफाईड आणि आधार यांवरची नावं आणि जन्मतारीख अक्षर न अक्षर जुळते का, हे जुलैआधी तपासा. आईचं नाव, आडनावातलं एखादं अक्षर, इथेच घोळ होतो आणि दुरुस्तीला आठवडे जातात. फोटोवर मुख्याध्यापकांची सही-शिक्का अर्धा फोटोवर, अर्धा कागदावर हवा. बदली होऊन आलेल्या मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला वेगळा ठेवा. वरच्या पातळीवर वयाची वैद्यकीय तपासणी होऊ शकते, त्यामुळे कागदावर लहान दिसणारा मुलगा घेण्याचा मोह मुळीच नको. शाळा महापालिकेच्या हद्दीत आहे की तालुक्यात, यावर पहिली फेरी कुठे खेळायची ते ठरतं. हेही आधी विचारून घ्या.

विभागीय सामना पुण्यात पडला तर हुतात्मा एक्स्प्रेसने त्याच सकाळी जाऊन दुपारी खेळायचा बेत करू नका. अडीचशे किलोमीटर बसून आखडलेले पाय दहा मिनिटांच्या वॉर्मअपने मोकळे होत नाहीत. आदल्या दिवशी पोचा, संध्याकाळी वीस मिनिटं बॉल खेळवा. आरक्षण सोळा-अठरा जणांचं असतं, वेळेवर मिळत नाही.  सोबत दोन रंगांच्या जर्सी न्या, आणि गोलकीपरची तिसऱ्या रंगाची.

बाद पद्धतीचा सामना

शालेय फेऱ्या बहुतेक बाद पद्धतीने होतात आणि बऱ्याचदा एका दिवसात दोन सामने येतात, डावही आखूड असतात. पहिल्या सामन्यात दोन गोलांची आघाडी मिळाली की चार बदल करून मधल्या फळीचे पाय वाचवा. बरोबरी झाली तर टायब्रेकर. त्याची तयारी सुरुवातीपासून हवी: आठवड्यातून दोनदा, सराव संपल्यावर, दमलेल्या पायांनी प्रत्येकाने तीन पेनल्टी मारायच्या आणि निकाल वहीत लिहायचा. पाच नावं त्या वहीतून काढा. सामन्याच्या वेळी "कोण मारणार?" असं विचारलं की सैनिकी शाळेत ज्येष्ठ मुलगा पुढे होतो, आणि तोच चांगला मारतो असं नाही. कोपरा आधी ठरवायचा, धाव सुरू झाल्यावर बदलायचा नाही. गोलकीपरला हे पक्कं सांगा की लाथ बसेपर्यंत त्याच्या निदान एका पायाचा काही भाग गोलरेषेवर, तिच्या सरळ वर किंवा तिच्या मागे हवा. नाहीतर अडवलेली पेनल्टी पुन्हा मारली जाते.

एक पराभव आणि हंगाम संपला, अशी ही पद्धत असल्यामुळे जिल्ह्याआधी आठ-दहा मित्रत्वाचे सामने लागतातच. त्यातले निम्मे आपल्यापेक्षा वयाने मोठ्या कॉलेज संघांशी ठेवा.

स्पर्धा संपल्यावर

सोलापुरात फुटबॉलला सगळ्यात चांगली हवा नोव्हेंबर ते फेब्रुवारीची, आणि नेमकी तेव्हा बहुतेक शाळांची मैदानं रिकामी असतात. पुढच्या वर्षीचा संघ या चार महिन्यांत घडवावा. सातवी-आठवीच्या मुलांना सात-सातच्या लीगमध्ये आठवड्याला दोन सामने द्या. २६ जानेवारीच्या तालमींत भाराची वही पुन्हा उघडा, आकडे ऑगस्टसारखेच चढतात. जाळ्या धुऊन, वाळवून, उंदीर पोचणार नाहीत अशा टांगून ठेवा. बॉलमधली हवा निम्मी सोडा. प्रमाणपत्रांच्या छायाप्रती मुलाच्या फाईलला लावा, कारण दहावी-बारावीच्या क्रीडा गुणांच्या प्रस्तावासाठी त्या मागितल्या जातात. आणि या हंगामाची वही पुढच्या क्रीडाशिक्षकाच्या हाती सही घेऊन द्या.